बोलके घर आणि तोंडाची चेन : 'रेनबो' या ब्रिटिश बालमालिकेची चिकित्सा

प्रस्तावना

शाळापूर्व वयातील मुलांसाठी तयार होणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांचे मूल्यमापन बहुधा एकाच अंगाने केले जाते. मालिकेतून कोणती अक्षरे, किती अंक, कोणते रंग व आकार शिकविले गेले याची नोंद केली जाते आणि त्यावरून तिची शैक्षणिक उपयुक्तता ठरविली जाते. हे मोजमाप सोयीचे आहे, परंतु अपुरे आहे. तीन-चार वर्षांचे मूल पडद्यावरून अंक शिकते, तसे ते वागणूकही शिकते. मोठ्याने बोलणाऱ्याचे काय होते, गप्प राहणाऱ्याकडे कोण पाहते, भांडण कोण मिटविते आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो, या गोष्टी कोणत्याही पाठाच्या उद्दिष्टांत लिहिलेल्या नसतात. तरीही मुलाच्या मनावर त्यांचाच ठसा अधिक खोल उमटतो.

प्रस्तुत लेखात 'रेनबो' या ब्रिटिश बालमालिकेचा या दृष्टीने विचार केला आहे. थेम्स टेलिव्हिजन या कंपनीने निर्माण केलेली ही मालिका १९७२ ते १९९२ अशी वीस वर्षे आयटीव्ही या वाहिनीजालावर चालली व तिचे हजाराहून अधिक भाग प्रक्षेपित झाले. एका घरात एकत्र राहणारी बालस्वभावाची तीन पात्रे आणि त्यांची काळजी घेणारा एक प्रौढ पुरुष एवढाच तिचा पसारा. त्या तिघांतील एकाच्या तोंडाच्या जागी चेन आहे आणि तो फार बोलू लागला की ती चेन ओढून बंद केली जाते. मुलांना बोलते करण्यासाठी काढलेल्या मालिकेच्या केंद्रस्थानी तोंड बंद करण्याचे हे साधन असावे, हा विरोधाभास या लेखाचा मुख्य विषय आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

'रेनबो'चा जन्म ज्या वातावरणात झाला त्यात दोन प्रवाह महत्त्वाचे होते. पहिला प्रवाह अमेरिकेतून आला. १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट' या मालिकेने जाहिरातीच्या तंत्राचा, म्हणजे छोट्या तुकड्यांचा, पुनरावृत्तीचा व वेगाचा, उपयोग करून मुलांना अक्षरे व अंक शिकविता येतात हे दाखवून दिले. मात्र ब्रिटनमध्ये तिचे सरसकट स्वागत झाले नाही. १९७१ साली बीबीसीने ही मालिका घेण्याचे नाकारले. बीबीसीच्या बालकार्यक्रम विभागाच्या तत्कालीन प्रमुख मोनिका सिम्स यांचा आक्षेप मालिकेच्या हुकूमशाही वळणाच्या उद्दिष्टांवर होता. मुलाला ठरावीक उत्तराकडे ढकलत नेणे हे शिक्षण नव्हे, असा त्यामागील विचार होता.

दुसरा प्रवाह खुद्द ब्रिटनमधील होता. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या प्लाउडेन अहवालाने प्राथमिक शिक्षणात मूल केंद्रस्थानी असले पाहिजे ही भूमिका ठामपणे मांडली होती. त्याआधी, १९६४ पासूनच, बीबीसीवर 'प्ले स्कूल' हा कार्यक्रम चालू होता. त्यातही एक घर होते आणि त्या घराला चौकोनी, गोल व कमानदार खिडक्या होत्या. त्यांपैकी एका खिडकीतून प्रेक्षक मुलांना बाहेरचे जग दाखविले जाई. परंतु त्या घरात निवेदक आणि खेळणी होती. कायम राहणारे, रुसणारे, भांडणारे रहिवासी नव्हते.

१९७२ साली ब्रिटिश सरकारने प्रक्षेपणाच्या तासांवरील निर्बंध उठविले आणि आयटीव्हीला दिवसा कार्यक्रम दाखविणे शक्य झाले. या नव्या वेळेत १६ ऑक्टोबर १९७२ रोजी 'रेनबो'चा पहिला भाग दाखविण्यात आला. निर्मात्या पॅमेला लॉन्सडेल यांच्यासमोर 'सेसमी स्ट्रीट'ला ब्रिटिश उत्तर देण्याचे उद्दिष्ट होते. आरंभी नट व कादंबरीकार डेव्हिड कुक हे निवेदक होते. १९७३ पासून त्यांची जागा जेफ्री हेज यांनी घेतली व अखेरपर्यंत तेच त्या घराचे कर्ते राहिले. पहिल्या मालिकेत झिपीच्या जोडीला मूनी आणि सनशाइन ही बाहुली-पात्रे होती. ती मागे पडली आणि जॉर्ज आला. अशा रीतीने जे कुटुंब सिद्ध झाले ते पुढे जवळपास दोन दशके टिकले. १९७५ साली या मालिकेला सर्वोत्तम बालकार्यक्रमाचा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला.

घर आणि घरातील रहिवासी

झिपी हे हातबाहुले आहे. त्याचे डोके रग्बीच्या चेंडूसारखे लांबट असून तोंडाच्या जागी चेन आहे. तो कोणता प्राणी आहे हे सांगता येत नाही. तो बडबड्या, हावरा, फुशारक्या मारणारा आणि प्रत्येक खेळात पहिला येऊ पाहणारा आहे. जॉर्ज हा गुलाबी पाणघोडा. लाजाळू, हळवा, लांब पापण्यांचा. बंगल हे तपकिरी अस्वल असून त्या वेषात प्रत्यक्ष माणूस वावरतो. त्यामुळे तो इतर दोघांपेक्षा उंच आहे आणि वागण्यातही थोरल्या भावाचा आव आणतो. परंतु त्याची चिडचिड, भित्रेपणा आणि तक्रारी पाहता तोही मूलच आहे. हे तिघे एकाच पलंगावर झोपताना दिसतात.

या चौघांचे परस्परांशी नाते काय, हे मालिका सांगत नाही. जेफ्री त्यांचा बाप नाही, शिक्षक नाही, मालकही नाही. तिघांचे आईबाप कोण, ते या घरी कसे आले, हेही कळत नाही. वरवर पाहता ही कथानकातील त्रुटी वाटेल. पण तिच्यातच मालिकेचे बळ आहे. रक्ताचे नाते नसल्यामुळे एकत्र राहण्याचे कोणतेही आयते कारण येथे नाही. भाऊ आहेत म्हणून वाटून घ्यावे, वडील आहेत म्हणून ऐकावे, असा युक्तिवाद कोणालाच करता येत नाही. घर एक आहे, टेबल एक आहे, पलंग एक आहे. म्हणून जुळवून घ्यावे लागते. बालवाडीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाची स्थिती नेमकी अशीच असते. ज्यांच्याशी आपले नाते नाही अशा मुलांबरोबर त्याला दिवसाचे काही तास काढायचे असतात. 'रेनबो'चे घर म्हणूनच कुटुंबाइतकेच वर्गाचेही प्रतिरूप ठरते.

'सेसमी स्ट्रीट'मध्येही बर्ट आणि अर्नी हे एका घरात राहणारे जोडीदार आहेत व त्यांचे खटके प्रसिद्ध आहेत. परंतु ते त्या मोठ्या रस्त्यावरील अनेक घटकांपैकी एक होत. त्यांच्या खोलीतील वाद संपला की मालिका अक्षराकडे किंवा अंकाकडे वळते. 'रेनबो'मध्ये मात्र घर सोडून जाण्यासारखे दुसरे ठिकाण फारसे नाही. गाणी, गोष्टी आणि चित्रफिती येतात व जातात, पण प्रत्येक वेळी परतायचे ते त्याच खोलीत, त्याच तिघांमध्ये.

भांडणातून शिक्षण

मालिकेच्या भागाला बहुधा एक विषय असतो. जेफ्री तो विषय काढतो आणि तिघे आपापल्या स्वभावानुसार त्यात शिरतात. झिपी आपल्याला सर्व येते असे जाहीर करतो, जॉर्ज कचरतो, बंगल नियमांचा हवाला देतो. थोड्याच वेळात विषय बाजूला पडून प्रश्न उरतो तो पहिली पाळी कोणाची, मोठा वाटा कोणाला आणि चूक कोणाची. नंतर रॉड, जेन आणि फ्रेडी यांचे गाणे किंवा जेफ्रीने सांगितलेली गोष्ट त्या प्रश्नाला वेगळ्या वाटेने पुन्हा स्पर्श करते.

या रचनेत मूळ विषय काहीसा निमित्तमात्र होतो. खरा पाठ पाळीचा, वाट्याचा आणि माफीचा असतो. तो उपदेशाच्या रूपाने न येता घटनेच्या रूपाने येतो, हे मालिकेचे वैशिष्ट्य आहे. प्रेक्षक मुलाला झिपीची चूक झिपीच्या आधी कळते. पडद्यावरील पात्रापेक्षा आपल्याला अधिक समजते, या जाणिवेतून मिळणारा आनंद हा मुलाच्या बुद्धीचा सन्मान आहे. ठरावीक उत्तराकडे ढकलले जाण्याबद्दल 'सेसमी स्ट्रीट'वर जो आक्षेप घेतला गेला, त्याला 'रेनबो'ने दिलेले हे सर्वांत चांगले उत्तर मानता येईल. येथे उत्तर सांगितले जाण्यापूर्वी चूक मनसोक्त होऊ दिली जाते.

चूक करण्याचे हे स्वातंत्र्य लहान मुलाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. झिपी वीस वर्षांत सुधारत नाही. तो प्रत्येक भागात पुन्हा हावरा आणि पुन्हा फुशारकी मारणारा असतो. तरीही त्याला घरातून कोणी काढत नाही, त्याची ताटातली जागा जात नाही. वाईट वागणूक आणि घरातील स्थान या दोन गोष्टी मालिकेने वेगळ्या ठेवल्या आहेत. आपण चुकलो तर आपल्यावरचे प्रेम संपेल, ही भीती ज्या वयात अत्यंत खरी असते, त्या वयाला दिलेला हा दिलासा कोणत्याही अक्षरओळखीपेक्षा कमी महत्त्वाचा नाही.

तोंडाची चेन

असे असले तरी या घरात एक शिक्षा आहे. झिपी अनावर झाला की जेफ्री, आणि कधीकधी इतर रहिवासीही, त्याच्या तोंडाची चेन ओढतात. झिपी गप्प होतो, म्हणजे पूर्ण गप्प होत नाही. बंद तोंडातून त्याचा दबलेला आवाज येत राहतो. प्रेक्षक हसतात. काही वेळाने चेन उघडली जाते आणि झिपी पुन्हा बोलू लागतो.

या कृतीचा विचार करताना तिच्या काळाचे भान ठेवावे लागते. इंग्लंडमधील सरकारी शाळांतून छडी हद्दपार झाली ती १९८६ च्या कायद्याने, आणि त्याची अंमलबजावणी १९८७ मध्ये झाली. म्हणजेच 'रेनबो'च्या आयुष्यातील पहिली जवळपास पंधरा वर्षे तिचे प्रेक्षक पुढे ज्या शाळांत जाणार होते तेथे शारीरिक शिक्षा कायद्याने शक्य होती. या पार्श्वभूमीवर हात न उगारणारा जेफ्री हा सौम्य पालक ठरतो. चेनेमुळे वेदना होत नाही, अपमानही तात्पुरता असतो. मारहाणीच्या जागी आणलेला हा एक विनोदी पर्याय होता, असे मालिकेच्या बाजूने म्हणता येते.

परंतु वेदना नसणे म्हणजे सत्ता नसणे नव्हे. चेनेबाबत तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, ती झिपीच्या शरीराचाच भाग आहे. शिक्षेचे साधन बाहेरून आणावे लागत नाही. त्याला घडवितानाच ते बसविलेले आहे. दुसरी, त्याचे नावच या चेनेवरून, म्हणजे 'झिप' या शब्दावरून, पडले आहे. घरातील सर्वांत बोलक्या पात्राची ओळख त्याच्या बोलण्याने न होता त्याला गप्प करण्याच्या सोयीने होते. तिसरी, ती तोंडाच्या बाहेरच्या बाजूस आहे व इतरांच्या हाताला सहज लागते. झिपीने केव्हा बोलावे याचा निर्णय त्यामुळे ज्याचा हात पोचतो त्याच्याकडे जातो.

यातील गंभीर भाग असा की चेन ओढली जाते तेव्हा वाद पुष्कळदा अनिर्णित असतो. झिपी चुकत असेल, पण त्याची चूक दाखवून देण्याऐवजी त्याचा आवाज थांबविला जातो. बोलणे खोटे आहे म्हणून बंद केले आणि बोलणे त्रासदायक आहे म्हणून बंद केले, यांत फरक आहे. हा फरक चार वर्षांच्या मुलाला समजावून सांगणे अवघड असले, तरी मालिका तो पुसून टाकते हे मान्य करावे लागेल. बंगलही पुष्कळदा कटकट करतो, पण त्याच्या तोंडाला चेन नाही. एकाच दोषासाठी दोन रहिवाशांना दोन न्याय लागतात आणि त्यामागे शरीररचनेखेरीज दुसरे कारण नाही.

मराठी वाचकाला या प्रसंगी आपल्या शाळांतील 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा आठवल्यावाचून राहत नाही. दोहोंचा हेतू एकच असला तरी एक भेद मार्मिक आहे. आपल्या आज्ञेत बोट मुलाचे स्वतःचे असते. मूल आपल्याच तोंडावरचा पहारेकरी होते आणि गप्प बसणे हा त्याचा गुण मानला जातो. झिपीच्या बाबतीत हात दुसऱ्याचा असतो आणि तो आतून गुरगुरत राहतो. त्याने मौन स्वीकारलेले नाही, ते त्याच्यावर लादले आहे, हे प्रेक्षकाला दिसते व ऐकूही येते. या अर्थाने चेन हे अधिक प्रामाणिक चित्र आहे. गप्प केले जाणे आणि गप्प होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ती लपवीत नाही.

एक आवाज, दोन स्वभाव

झिपीच्या जोडीला जॉर्ज ठेवल्याशिवाय या चेनेचा पूर्ण अर्थ लागत नाही. जॉर्जच्या तोंडाला चेन नाही आणि तिची गरजही पडत नाही. तो बोलण्याआधी थबकतो. झिपी बोलत असेल तर आपले म्हणणे गिळतो. झिपीची चेन बंद झाली की पुष्कळदा जॉर्जला बोलण्याची संधी मिळते. म्हणजे एकाचे मौन ही दुसऱ्याची मोकळीक ठरते. वर्गात शिकविणाऱ्या कोणालाही ही अडचण परिचयाची आहे. पहिल्या बाकावरील सतत हात वर करणाऱ्या मुलाला थांबविल्याशिवाय शेवटच्या बाकावरील मुलाचा आवाज ऐकू येत नाही. चेनेच्या समर्थनाचा सर्वांत सबळ मुद्दा हाच आहे, आणि तिच्यावर केलेली कोणतीही टीका या मुद्द्याला सामोरी गेली पाहिजे.

निर्मितीच्या बाजूने पाहता येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. झिपीचे बाहुले आरंभी व्हायोलेट फिलपॉट यांनी हाताळले आणि पुढे दीर्घकाळ रॉनी ले ड्रू यांनी. परंतु झिपी व जॉर्ज या दोघांचेही आवाज बहुतांश काळ रॉय स्केल्टन या एकाच नटाने दिले. 'डॉक्टर हू' या मालिकेतील डालेक या यंत्रवत् शत्रूंना आवाज देणारे हेच नट होत. त्यांनी 'रेनबो'च्या काही संहिताही लिहिल्या. झिपी आणि जॉर्ज भांडतात तेव्हा प्रत्यक्षात एकच माणूस स्वतःशी भांडत असतो. एक स्वभाव दुसऱ्याला बोलू देत नाही.

हा केवळ नटाच्या कौशल्याचा किस्सा म्हणून सोडून देता येत नाही. बडबड्या मूल आणि लाजाळू मूल या दोन वेगळ्या जाती नाहीत. एकाच मुलात या दोन्ही अवस्था असतात, हे या योजनेमुळे कळत-नकळत सूचित होते. घरी झिपी असणारे मूल शाळेत जॉर्ज होते आणि शाळेतला जॉर्ज खेळाच्या मैदानावर झिपी होतो. प्रेक्षक मुलांनी या दोघांनाही आपले मानले, याचे एक कारण येथे असावे. हे ध्यानात घेतले की चेनेचा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण झिपीचे तोंड बंद करणारा हात त्याच मुलाच्या दुसऱ्या अर्ध्या भागालाही काहीतरी शिकवीत असतो. चेन उघडी असलेल्या मित्राचे काय होते हे जॉर्ज रोज पाहतो.

मर्यादा आणि आपला संदर्भ

'रेनबो'ची दुसरी ठळक मर्यादा अशी की त्या घरात कायम राहणारी एकही मुलगी नाही. जेफ्री, झिपी, जॉर्ज आणि बंगल हे चौघेही पुरुष आहेत. जेन गाण्यासाठी येते. ती घरची रहिवासी नाही. कोणी किती बोलावे यावर एवढा विचार करणाऱ्या मालिकेत मुलीच्या बोलण्याचा प्रश्नच उपस्थित होत नाही. ऑक्टोबर १९९१ च्या लिलावात थेम्सने प्रक्षेपणाचा परवाना गमावला आणि मार्च १९९२ मध्ये मूळ मालिका थांबली. १९९४ पासून ती जेफ्रीशिवाय नव्या रूपात आली तेव्हा क्लिओ नावाची सशीण त्यात आली. परंतु मूळ घराची घडी तोपर्यंत मोडली होती.

ज्या 'सेसमी स्ट्रीट'ला उत्तर म्हणून 'रेनबो' निघाली, तिचीच भारतीय आवृत्ती 'गली गली सिम सिम' या नावाने २००६ साली हिंदीतून सुरू झाली. त्यातील चमकी ही पाच वर्षांची, शाळेचा गणवेश घातलेली, प्रश्न विचारणारी मुलगी आहे. 'रेनबो'च्या घरात जी जागा रिकामी होती ती या गल्लीत चमकीने भरून काढली. तिच्या गणवेशातच मुलीने शाळेत असावे आणि बोलावे हा आग्रह आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. कायद्याने छडी काढून घेतली. तोंडावरचे बोट मात्र कायद्याने काढता येत नाही. ते शिक्षकाच्या सवयीत असते. हेच 'रेनबो'च्या चेनेलाही लागू पडते.

झिपीची चेन हा एक साधा विनोद आहे, त्याला एवढे वजन देऊ नये, असा आक्षेप येथे घेतला जाईल. प्रौढ प्रेक्षकाच्या दृष्टीने तो रास्त आहे. परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला विनोद आणि धडा वेगळे करून दिलेले नसतात. जी गोष्ट पुनःपुन्हा घडते आणि जिच्यावर सर्व हसतात, ती त्याच्या लेखी रीत असते. २०१८ साली जेफ्री हेज यांचे निधन झाले तेव्हा चाळिशी-पन्नाशीच्या प्रेक्षकांनी झिपीची आठवण काढली ती त्याच्या चेनेसह. मालिकेने शिकविलेले आकार आणि रंग कोणाला आठवत असतील-नसतील. चेन मात्र राहिली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'रेनबो'ने नात्याविना एकत्र राहणाऱ्यांचे घर उभे करून सहजीवनाचा पाठ कौटुंबिक उपदेशातून सोडविला व भांडणाला शिक्षणाच्या साधनाचा दर्जा दिला.

२. वारंवार चुकणाऱ्या झिपीचे घरातील स्थान अबाधित ठेवून तिने लहान मुलाच्या एका मूलभूत भीतीला उत्तर दिले. ही तिची सर्वांत मोठी कमाई होय.

३. तोंडाची चेन हा शारीरिक शिक्षेला दिलेला सौम्य पर्याय असला तरी तीत वाद सोडविण्याऐवजी आवाज थांबविण्याची सोय आहे. लाजाळू मुलाला वाव मिळावा हा तिचा सबळ आधार आहे. पण ते काम जेफ्रीने शब्दांनी करावयास हवे होते, आणि मालिकेच्या चांगल्या क्षणी तो ते करतोही.

४. मुलीचा आवाज वगळणे ही या घराची उणीव असून तिच्यामुळे बोलण्याच्या हक्काविषयीचा मालिकेचा विचार अपुरा राहतो.

बालमालिकेची परीक्षा करताना तिने काय शिकविले याबरोबरच अति बोलणाऱ्या मुलाशी ती कशी वागली, हेही विचारले पाहिजे. 'रेनबो'च्या घरात अशा मुलाला जागा आहे, जेवण आहे, पलंगावर आपली बाजू आहे. त्याच्या तोंडाची चेन मात्र दुसऱ्याच्या हातात आहे आणि ती बंद असतानाही आतून त्याचा आवाज येतच राहतो. तो आवाज दाबलेला का असेना, प्रेक्षकांपर्यंत पोहोचू देण्याचा प्रामाणिकपणा मालिकेने दाखविला, म्हणूनच तिच्याकडे आजच्या शिक्षकाने पुन्हा पाहणे आवश्यक ठरते.